सीची लायब्ररी, रस्टचा प्रोग्राम आणि एक छोटी चिप: टूलचेनपासून बाइंडिंगपर्यंत

सिरियल पोर्टवर चालणाऱ्या एका सेन्सर मॉड्यूलसोबत त्याच्या उत्पादकाची सी लायब्ररी मिळाली होती आणि मला ती रस्टमधून वापरायची होती. बिल्ड पहिल्या फटक्यात झाला. एरर नाही, वॉर्निंग नाही. प्रोग्राम चिपमध्ये गेला, दिवा लुकलुकला, आणि मॉड्यूल मात्र ढिम्म. दोन दिवस मी वायरी बदलल्या, पुल-अप बदलले, मॉड्यूलसुद्धा बदललं. शेवटी डीबगर लावून सीच्या फंक्शनच्या तोंडाशीच थांबलो, तेव्हा दिसलं की मी पाठवलेला ९६००चा बॉड रेट (सिरियल पोर्टचा वेग) तिथे पोचेपर्यंत १ झाला होता. तो १ कुठून आला ते पुढे सांगतो, कारण हा लेख लिहायचं मुख्य कारण तोच आहे.

या कामात तीन जण एकमेकांशी फारसं न बोलता राबत असतात: रस्टचा कंपायलर, सीचा कंपायलर आणि या दोघांचं काम जोडून एकच प्रोग्राम बनवणारा लिंकर. चिप कशी आहे, आकडे कुठे ठेवायचे, फंक्शनला मूल्यं कशी द्यायची, हे प्रत्येकाला वेगवेगळं सांगावं लागतं. तिघांच्या समजुतीत तफावत असली की कधी एरर येते, तेव्हा तुम्ही नशीबवान. बहुतेक वेळा काहीच येत नाही. म्हणून खालच्या प्रत्येक पायरीनंतर एक तपासणी दिली आहे. ती झाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

उदाहरणासाठी मी एसटीएम३२एफ४११ ही चिप घेतली आहे. तुमची चिप वेगळी असेल तर आकडे बदलतील, क्रम तोच राहील. आज्ञा आणि फाइलींची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टाइप करताना अर्थातच मूळ लिपीत करा.

आधी चिप ओळखा

डेटाशीटच्या पहिल्या पानावरून चार गोष्टी कागदावर उतरवा: कोअर कोणता, फ्लोटिंग पॉइंट युनिट आहे का, फ्लॅश किती, रॅम किती. एफ४११ मध्ये कॉर्टेक्स-एम४ कोअर आहे, सिंगल प्रिसिजनचं फ्लोटिंग पॉइंट युनिट आहे, आणि आपण घेतलेल्या सीई प्रकारात ५१२ केबी फ्लॅश व १२८ केबी रॅम आहे. फ्लॅश हेक्स ०८०००००० या पत्त्यापासून सुरू होते, रॅम हेक्स २००००००० पासून.

रॅमच्या आकड्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. याच कुटुंबातल्या एफ४०७ च्या डेटाशीटवर १९२ केबी रॅम दिसते, पण ती सलग नाही. १२८ केबी नेहमीच्या जागी आहे आणि उरलेली ६४ केबी हेक्स १००००००० या पत्त्यावर, कोअरला थेट जोडलेली. तिथे डीएमए, म्हणजे कोअरला न गुंतवता आकडे हलवणारी चिपमधली यंत्रणा, पोचत नाही. लिंकरला सरसकट १९२ केबी सांगितलेत तर प्रोग्राम बिल्ड होईल आणि पहिल्याच फंक्शन कॉलला कोसळेल, कारण स्टॅकचा (फंक्शनांच्या तात्पुरत्या मूल्यांसाठीच्या जागेचा) माथा अस्तित्वात नसलेल्या पत्त्यावर ठेवलेला असेल.

आता कोअरवरून रस्टचं टार्गेट, म्हणजे कशासाठी कोड बनवायचा ते सांगणारं नाव, ठरवायचं. एम० आणि एम०+ साठी थंबव्ही६एम, एम३ साठी थंबव्ही७एम, एम४ आणि एम७ साठी थंबव्ही७ईएम. त्यामागे ‘नन’ येतं, म्हणजे खाली कुठलीही ऑपरेटिंग सिस्टिम नाही. शेवटी ‘ईएबीआय’ किंवा ‘ईएबीआयएचएफ’. ही शेवटची दोन अक्षरं, एच आणि एफ, किरकोळ वाटतात पण निम्मी भांडणं त्यांच्यामुळेच होतात. एचएफ असलं तर फ्लोट मूल्यं फ्लोटिंग पॉइंट रजिस्टरांतून दिली जातात, नसलं तर साध्या रजिस्टरांतून. एका बाजूने एका रजिस्टरात ठेवलं आणि दुसरी बाजू दुसऱ्यात शोधत बसली, तर काय सापडणार?

एफ४११ ला फ्लोटिंग पॉइंट युनिट आहे, म्हणून आपण थंबव्ही७ईएम-नन-ईएबीआयएचएफ घेऊ. तुमच्याकडे लायब्ररीचा सोर्स नसून आधीच कंपाइल केलेली डॉट-ए फाइल असेल, तर हा निर्णय तुमच्या हातात नाही. तो त्या फाइलीने आधीच घेतलेला आहे. कसा ओळखायचा ते पुढे येईल.

हत्यारं

रस्टअप वापरून रस्ट बसवा आणि ‘रस्टअप टार्गेट ॲड’ पुढे टार्गेटचं नाव देऊन त्याची कोअर लायब्ररी उतरवा. ही आज्ञा विसरलात तर बिल्डमध्ये ‘कोअर नावाचं क्रेट सापडत नाही’ अशी एरर येते (क्रेट म्हणजे रस्टचं पॅकेज). ‘एसटीडी नावाचं क्रेट सापडत नाही’ ही एरर वेगळी: टार्गेट आहे, पण तुम्ही किंवा तुमच्या एखाद्या डिपेंडन्सीने एसटीडी, म्हणजे रस्टची पूर्ण स्टँडर्ड लायब्ररी, मागितलं आहे आणि या चिपवर ते मिळत नाही. बरेच जण या दोन एररची गल्लत करतात आणि टार्गेट पुन्हा पुन्हा बसवत राहतात.

सीसाठी एआरएम-नन-ईएबीआय-जीसीसी आणि त्यासोबत न्यूलिब (छोट्या चिपसाठीची सीची स्टँडर्ड लायब्ररी) हवं. डेबियन किंवा उबुंटूवर जीसीसी-एआरएम-नन-ईएबीआय आणि लिबन्यूलिब-एआरएम-नन-ईएबीआय अशी दोन वेगळी पॅकेजं आहेत. पहिलं बसवून दुसरं राहिलं की स्ट्रिंग डॉट एच सापडत नाही. सीचं हेडर वाचून त्यातली फंक्शनं रस्टला ओळखता येतील अशी फाइल, म्हणजे बाइंडिंग, तयार करणारं हत्यार म्हणजे बाइंडगेन. त्यासाठी लिबक्लँग लागतं. ते एखाद्या वेगळ्या जागी बसलं असेल तर लिबक्लँग-पाथ या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये तो पत्ता द्या. म्हणजे तुमच्या यंत्रावर आता सी समजणारे दोघे आहेत: कोड तयार करणारा जीसीसी आणि हेडर वाचणारा क्लँग. हे लक्षात ठेवा.

चिपमध्ये प्रोग्राम घालायला प्रोब-आरएस. जुन्या सवयीचे लोक ओपनओसीडी आणि जीडीबी वापरतात आणि त्यात काही वावगं नाही, पण नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी प्रोब-आरएसच सांगेन: कार्गो रनमध्ये बसतं, आणि चिपकडून येणारे लॉग त्याच खिडकीत दिसतात. प्रोबपासून (संगणक आणि चिप यांच्यामधल्या डीबगरच्या उपकरणापासून) बोर्डपर्यंत चार तारा पुरतात: ३.३ व्होल्ट, ग्राउंड, एसडब्ल्यूडीआयओ आणि एसडब्ल्यूसीएलके.

तपासणी: प्रोब जोडून ‘प्रोब-आरएस लिस्ट’ चालवा. लिनक्सवर प्रोब दिसतो पण उघडता येत नाही असं झालं तर यूडेव्हचा नियम राहिला आहे. प्रोब-आरएसच्या संकेतस्थळावर तयार नियमांची फाइल मिळते. ती ईटीसीखालच्या यूडेव्हच्या रूल्स फोल्डरमध्ये ठेवून नियम पुन्हा लोड करा आणि प्रोब काढून परत जोडा. सुडो लावून काम भागवायचा मोह टाळा. एकदा कार्गो सुडोने चालवलं की टार्गेट फोल्डरमधल्या फाइलींची मालकी रूटकडे जाते, आणि मग साधा बिल्डही ‘परवानगी नाही’ म्हणून अडतो.

दिवा लागेपर्यंत सीचं नाव काढायचं नाही

नवा प्रोजेक्ट करून त्यात कॉर्टेक्स-एम, कॉर्टेक्स-एम-आरटी आणि पॅनिक-हॉल्ट ही तीन क्रेट्स घाला. मेन फाइलच्या माथ्यावर नो-एसटीडी आणि नो-मेन, सुरुवातीच्या फंक्शनवर कॉर्टेक्स-एम-आरटीचा एंट्री मॅक्रो. पॅनिक-हॉल्ट कोडमध्ये कुठे थेट वापरलं जात नाही, म्हणून ‘यूज पॅनिक-हॉल्ट ॲज अंडरस्कोअर’ अशी ओळ लिहायला विसरू नका. नाहीतर पॅनिक हँडलर नाही म्हणून बिल्ड अडेल.

प्रोजेक्टच्या मुळाशी ‘मेमरी डॉट एक्स’ नावाची फाइल लागते. तिच्यात दोनच ओळी महत्त्वाच्या: फ्लॅशची सुरुवात हेक्स ०८०००००० आणि लांबी ५१२ के, रॅमची सुरुवात हेक्स २००००००० आणि लांबी १२८ के. बाकीची मांडणी कॉर्टेक्स-एम-आरटीच्या ‘लिंक डॉट एक्स’ मध्ये तयार आहे. आरपी२०४० वापरणाऱ्यांनी इथे थांबावं. त्या चिपमध्ये आतली फ्लॅश नसते. बाहेरच्या फ्लॅशचे पहिले २५६ बाइट दुसऱ्या टप्प्याच्या बूटलोडरसाठी राखीव असतात, त्यामुळे मेमरीच्या फाइलीत एक विभाग जास्त येतो.

मग डॉट-कार्गो फोल्डरमध्ये ‘कॉन्फिग डॉट टॉमल’. त्यात तीन गोष्टी: बिल्डचं टार्गेट, लिंकरला ‘लिंक डॉट एक्स’ वापर असं सांगणारा रस्टफ्लॅग, आणि रनर म्हणून ‘प्रोब-आरएस रन’ पुढे चिपचं नाव. हा रस्टफ्लॅग राहिला तरी बिल्ड होतो आणि ईएलएफ फाइलही (बिल्डमधून निघणारी अंतिम फाइल) तयार होते. फक्त ती जवळजवळ रिकामी असते.

म्हणून तपासणी. कार्गो-बिनयुटिल्स बसवा, रस्टअपमधून एलएलव्हीएम-टूल्स हा घटकही घ्या, आणि ऑब्जडंपने व्हेक्टर टेबल या सेक्शनमधले बाइट पाहा. पहिला ३२ बिटांचा आकडा म्हणजे स्टॅकचा माथा. रॅम हेक्स २००००००० पासून, १२८ केबी म्हणजे हेक्स २००००, तेव्हा तिथे हेक्स २००२०००० दिसायला हवं. बाइट उलट्या क्रमाने ठेवलेले असतात, म्हणून पडद्यावर ते ०० ०० ०२ २० असं दिसेल. दुसरा आकडा रीसेट झाल्यावर जिथून सुरुवात करायची त्याचा पत्ता, आणि तो विषम असलाच पाहिजे. कॉर्टेक्स-एम फक्त थंब सूचना चालवतो, आणि पत्त्याचा शेवटचा बिट १ असणं ही त्याची खूण. हे दोन आकडे जुळले की लिंकरला चिप नीट कळली.

आता दिवा. एसटीएम३२एफ४एक्सएक्स-एचएएल हे क्रेट एफ४११ च्या फीचरसह घ्या. एचएएल म्हणजे चिपचे पिन, पोर्ट वगैरे सोप्या फंक्शनांतून वापरू देणारा थर. ब्लॅक पिल नावाने ओळखल्या जाणाऱ्या बोर्डवर दिवा सी पोर्टच्या १३ नंबरच्या पिनवर असतो आणि तो उलटा जोडलेला आहे: पिन लो केली की लागतो. ‘माझा दिवा कायम लागलेलाच आहे’ या तक्रारीचं उत्तर बहुतेक वेळा एवढंच असतं.

रजिस्टर बाइंडगेनने आणू नका

रस्टकडून चिपचे रजिस्टर (इथे कोअरमधले नव्हे, तर पिन, पोर्ट वगैरेंना हुकूम देणारे ठरावीक पत्ते) हाताळायचे दोन मार्ग दिसतात. उत्पादकाच्या सी हेडरमधून बाइंडगेनने काढणं हा पहिला, आणि तो चुकीचा. त्या हेडरमध्ये प्रत्येक रजिस्टरवर व्होलाटाइल, म्हणजे ‘इथलं वाचणं-लिहिणं वगळू नको’ अशी कंपायलरला सूचना, लिहिलेलं असतं. बाइंडगेन ते टाकून देतं, कारण रस्टमध्ये व्होलाटाइल हा प्रकाराचा भाग नसून वाचण्या-लिहिण्याच्या क्रियेचा भाग आहे. मग ऑप्टिमायझरला वाटतं की एकाच जागेवर दोनदा लिहिणं म्हणजे वाया घालवलेलं काम, आणि तो पहिलं लिहिणं काढून टाकतो. डीबग बिल्ड चालतो, रिलीज बिल्ड मरतो.

दुसरा मार्ग एसव्हीडी फाइलींचा. चिपमधला प्रत्येक रजिस्टर आणि त्यातला प्रत्येक बिट एक्सएमएलमध्ये लिहिलेली ही फाइल उत्पादक देतात, आणि एसव्हीडी२रस्ट तिच्यातून क्रेट तयार करतं. लोकप्रिय चिपसाठी ती क्रेट्स आधीच तयार आहेत, आणि वरचं एचएएल त्यांच्यावरच उभं आहे. बाइंडगेन ठेवायचं ते फक्त लायब्ररीच्या फंक्शनांसाठी.

सी लायब्ररी बिल्डमध्ये ओढणं

सोर्स असेल तर ‘बिल्ड डॉट आरएस’ मध्ये सीसी नावाचं क्रेट वापरा. थंब टार्गेट दिसलं की ते आपणहून एआरएमचा जीसीसी शोधतं आणि आर्किटेक्चरचे व फ्लोटचे फ्लॅग टार्गेटवरून लावतं. तुम्हाला द्यायच्या त्या सोर्स फाइली, इन्क्लूड फोल्डर आणि लायब्ररीला हवे असलेले डिफाइन. सोबत ‘रीरन-इफ-चेंज्ड’च्या ओळी हेडरांसाठी आणि मेमरी डॉट एक्ससाठी नक्की घाला. नाहीतर तुम्ही हेडर बदलाल, कार्गो जुनंच बाइंडिंग वापरेल, आणि तुम्ही स्वतःच्या डोळ्यांवर संशय घ्याल.

सोर्स नसून फक्त डॉट-ए फाइल असेल तर आधी तिची झडती घ्या. एआरएमच्या रीडईएलएफला कॅपिटल ‘-ए’ हा पर्याय देऊन ती फाइल दाखवा. आत ‘टॅग एबीआय’ने सुरू होणाऱ्या ओळी येतील. त्यातल्या ‘व्हीएफपी आर्ग्ज’च्या ओळीसमोर ‘व्हीएफपी रजिस्टर्स’ असेल तर ती एचएफ आहे. अशी ओळच नसेल आणि लायब्ररीत फ्लोट असतील, तर एचएफ नसलेलं टार्गेट घ्या. ‘एनम साइझ’ची ओळसुद्धा लिहून ठेवा (एनम म्हणजे ठरावीक पर्यायांच्या यादीचा सी प्रकार). फ्लोटची तफावत असली तर लिंकर बहुधा ओरडतो. एनमच्या तफावतीवर तो ओरडेल या भरवशावर राहू नका. माझ्या बाबतीत तो गप्प होता.

डॉट-ए लिंक करताना बिल्ड स्क्रिप्टमधून फोल्डर आणि नाव अशा दोन गोष्टी कार्गोला सांगायच्या असतात. नावात सुरुवातीचं ‘लिब’ आणि शेवटचं ‘डॉट ए’ लिहायचं नाही.

पुढची हमखास एरर म्हणजे पॉवर किंवा साइन काढणारं एखादं गणिती फंक्शन सापडत नाही. रस्ट या टार्गेटसाठी स्वतःचा एलएलडी लिंकर वापरतं, आणि जीसीसीच्या लायब्ररी कुठे आहेत हे त्याला माहीत नसतं. जीसीसीलाच विचारा: कोअरचा, थंबचा आणि हार्ड फ्लोटचा फ्लॅग देऊन ‘प्रिंट-फाइल-नेम’ पर्यायापुढे ‘लिबएम डॉट ए’. उत्तरात येणाऱ्या पत्त्याच्या शेवटाकडे ‘थंब’, ‘व्ही७ई-एम+एफपी’ आणि ‘हार्ड’ असे फोल्डर दिसले पाहिजेत. फ्लॅग न देता विचारलंत तरी पत्ता मिळतो, पण तो भलत्याच कोअरसाठी बनवलेल्या लायब्ररीचा.

आणि एसब्रेक किंवा राइट अशा नावांची फंक्शनं मागणारी एरर आली, तर लायब्ररीत कुठेतरी मॅलॉक किंवा प्रिंटएफ लपलेलं आहे. बहुतेक ठिकाणी खोटी फंक्शनं लिहून लिंकरचं समाधान करायला सांगतात. मी आधी लायब्ररीचा लॉगिंगचा मॅक्रो शोधतो आणि बंद करतो. दहापैकी नऊ वेळा प्रिंटएफ तिथूनच आलेलं असतं आणि त्यासोबत काही केबी फ्लॅशही वाचते.

बाइंडगेन, आणि तो १

सगळी हेडरं बाइंडगेनला खायला घालू नका. एक छोटं ‘रॅपर डॉट एच’ लिहा, त्यात लायब्ररीचं मुख्य हेडर घ्या, आणि अलाउलिस्टमध्ये लायब्ररीच्या उपसर्गाने सुरू होणारीच फंक्शनं आणि प्रकार येऊ द्या. असं केलं नाही तर न्यूलिबच्या पोटातलं सगळं तुमच्या फाइलीत सांडतं.

पर्यायांपैकी काही सक्तीचे समजा. ‘यूज-कोअर’ द्या, आणि सी प्रकारांसाठी कोअरमधलं एफएफआय मॉड्यूल सांगा. तिथले हे प्रकार रस्ट १.६४ पासून स्थिर आहेत. क्लँगला सिसरूट द्या. तो पत्ता जीसीसीचा ‘प्रिंट-सिसरूट’ पर्याय सांगतो. बाइंडगेन कमांड लाइनवरून चालवत असाल तर क्लँगला टार्गेट स्वतः द्या. बिल्ड स्क्रिप्टमधून चालवलं तर ते कार्गोकडून टार्गेट उचलतं, पण कमांड लाइनवर ते तुमच्या संगणकालाच चिप समजतं: पॉइंटर ८ बाइटचे होतात, लाँगचा आकार बदलू शकतो, आणि एक्स८६ संगणकावर साधा कॅर चिन्हासहित धरला जातो. एआरएमवर तो चिन्हरहित असतो.

आणि आता माझे दोन दिवस खाणारी गोष्ट. लायब्ररीचा कॉन्फिग स्ट्रक्ट असा होता: पहिलं फील्ड मोड, एनम, दुसरं पोलॅरिटी, तेही एनम, तिसरं बॉड रेट, ३२ बिटांचा पूर्णांक. एआरएमचा बेअर-मेटल जीसीसी एनमला शक्य तितकी कमी जागा देतो. मूल्यं २५५च्या आत असतील तर एक बाइट. म्हणजे त्याच्या मते मोड ० व्या बाइटला, पोलॅरिटी १ ल्या, मग दोन बाइट मोकळे, आणि बॉड रेट ४ थ्या बाइटपासून. एकूण ८ बाइट. बाइंडगेन मात्र क्लँगच्या डोळ्यांनी बघतं, आणि क्लँगने त्याच टार्गेटला प्रत्येक एनम ४ बाइटचा धरला: मोड ० ला, पोलॅरिटी ४ ला, बॉड रेट ८ ला. एकूण १२.

मी रस्टमध्ये मोड २, पोलॅरिटी १ आणि बॉड रेट ९६०० भरला. सीने ४ थ्या बाइटवर बॉड रेट शोधला, तिथे माझी पोलॅरिटी होती, म्हणून बॉड रेट झाला १. पोलॅरिटी त्याने १ ल्या बाइटवर शोधली, तिथे माझ्या मोडच्या आकड्याचा रिकामा बाइट होता, म्हणून ती झाली ०. मोड मात्र बरोबर पोचला. त्या एका बरोबर पोचलेल्या आकड्यामुळेच मला शेवटपर्यंत वाटत राहिलं की स्ट्रक्ट ठीक आहे.

उपाय एका ओळीचा: क्लँगच्या पर्यायांत ‘-एफशॉर्ट-एनम्स’ घाला. पण आधी रीडईएलएफने पाहिलेल्या ‘एनम साइझ’च्या ओळीकडे बघा. ‘स्मॉल’ असेल तरच हा पर्याय. ‘इंट’ असेल तर उत्पादकाने उलटा फ्लॅग लावून लायब्ररी कंपाइल केली आहे, आणि तेव्हा तुम्हीही उलटंच करायचं. लायब्ररी तुम्ही स्वतः कंपाइल करत असाल तर तयार झालेली ऑब्जेक्ट फाइल अशीच तपासा.

तपासणी दोन बाजूंनी करा. आधी तयार झालेली बाइंडिंगची फाइल उघडून मोडच्या एनमचं टोपणनाव शोधा: समोर सी-यूइंट असेल तर ४ बाइट, सी-यूकॅर असेल तर १. मग जीसीसीकडून कंपाइल होणारी एक छोटी सी फाइल घ्या आणि तिच्यात स्टॅटिक असर्ट लिहा की कॉन्फिगचा आकार ८ आहे. रस्टच्या बाजूलाही तोच आकडा कॉन्स्ट असर्टमध्ये लिहा. बाइंडगेन स्वतः मांडणीच्या तपासण्या लिहून देतं, पण त्या क्लँगनेच काढलेल्या आकड्यांशी ताडलेल्या असतात, म्हणून वरच्या घोळात त्या बिनधास्त पास होतात. आरोपीलाच साक्षीदार केल्यासारखं ते आहे.

ती छोटी सी फाइल तशीही लागणारच आहे. स्टॅटिक इनलाइन फंक्शनं आणि कंसात मूल्य घेणारे मॅक्रो यांना लिंकरच्या लेखी अस्तित्व नसतं, त्यामुळे बाइंडगेन ती सोडून देतं. जी हवीत त्यांच्यासाठी त्या फाइलीत एकेका ओळीचं साधं फंक्शन लिहा आणि त्याचं बाइंडिंग काढा. स्टॅटिक इनलाइन फंक्शनांसाठी बाइंडगेनमध्ये हे आपोआप करून देणारा पर्याय आहे, पण पाच-सहा फंक्शनांसाठी हाताने लिहिलेलं मला वाचायला सोपं जातं.

कॉलबॅक आणि हलणारा पत्ता

बहुतेक सेन्सर लायब्ररींना बस कशी वाचायची ते ठाऊक नसतं. त्या तुमच्याकडून वाचण्याचं, लिहिण्याचं आणि थांबण्याचं फंक्शन मागतात, आणि सोबत एक व्हॉइड पॉइंटर देऊ देतात. रस्टमध्ये ही फंक्शनं ‘एक्सटर्न सी’ म्हणून लिहायची. बाइंडिंगमध्ये फंक्शन पॉइंटर ऑप्शनमध्ये गुंडाळलेला दिसेल, म्हणून देताना ‘सम’ लावायचं.

खड्डा आहे तो व्हॉइड पॉइंटरमध्ये. माणूस साहजिकच असं करतो: ड्रायव्हर नावाचा स्ट्रक्ट, त्यात बस, त्यात सी लायब्ररीचा हँडल. ‘न्यू’ फंक्शनमध्ये बसचा पत्ता हँडलमध्ये भरायचा आणि स्ट्रक्ट परत करायचा. पण परत करताना स्ट्रक्ट हलतो. रस्टमध्ये हलवणं म्हणजे बाइट नव्या जागी उतरवणं, आणि सीकडे गेलेला पत्ता जुन्या जागेचाच राहतो. ‘न्यू’च्या आत लायब्ररीची सुरुवात करणारं फंक्शन नीट चालतं. पहिलं खरं वाचन मेनमध्ये होतं, आणि तिथे हार्ड फॉल्ट येतो किंवा कचरा. त्याहून वाईट म्हणजे कधी ऑप्टिमायझर हलवणंच वाचवतो आणि सगळं सुरळीत चालतं, एखादा बदल करेपर्यंत.

मी दोनपैकी एक करतो. एक तर बस आणि हँडल स्टॅटिकमध्ये ठेवतो. स्टॅटिक-सेल हे क्रेट त्यासाठी सोयीचं आहे. नाहीतर पत्ता साठवूनच ठेवत नाही, लायब्ररीचं प्रत्येक फंक्शन बोलावण्याआधी तो हँडलमध्ये नव्याने भरतो. दुसरा मार्ग ओबडधोबड दिसतो, पण कॉलमागे एक-दोन सूचनांपलीकडे खर्च नाही. मात्र लायब्ररी इंटरप्टमधून कॉलबॅक करत असेल तर तो चालणार नाही, तिथे स्टॅटिकच.

बाहेरच्या जगाला दिसेल ते सेफ रस्ट असावं, पण अनसेफ झाकण्याची घाई नको. प्रत्येक अनसेफ ब्लॉकच्या वर एक ओळ लिहा: हा पॉइंटर जिवंत का आहे, हे फंक्शन इंटरप्टमधून का बोलावलं जात नाही. ती ओळ लिहिता येत नसेल तर वेष्टण अजून चुकीचं आहे.

पुढच्या माणसासाठी

बाइंडिंग दर बिल्डला तयार करायचं की एकदा तयार करून रिपॉझिटरीत ठेवायचं, यावर मतं वेगळी आहेत. उत्पादकाची लायब्ररी वर्षातून एखाद्या वेळी बदलते, म्हणून मी ती फाइल रिपॉझिटरीतच ठेवतो. प्रोजेक्ट उतरवणाऱ्याला लिबक्लँग लागत नाही, आणि एनमचा आकार बदलला तर तो डिफमध्ये डोळ्यांना दिसतो. फाइल तयार करणारी आज्ञा सगळ्या पर्यायांसह एका स्क्रिप्टमध्ये ठेवा. ‘रस्ट-टूलचेन डॉट टॉमल’ मध्ये रस्टची आवृत्ती आणि टार्गेट दोन्ही लिहा, कार्गोची लॉक फाइल कमिट करा. २०२४ एडिशनमध्ये एक्सटर्न ब्लॉकला अनसेफ लावणं सक्तीचं झालं आहे, त्यामुळे जुन्या बाइंडगेनची फाइल नव्या एडिशनच्या प्रोजेक्टमध्ये टाकली तर एरर येते. बाइंडगेन नवं करून फाइल पुन्हा काढली की प्रश्न सुटतो.

रिलीज प्रोफाइलमध्ये ऑप्टिमायझेशन ‘एस’ ठेवा आणि डीबग माहिती चालू राहू द्या. ती ईएलएफ फाइलीतच राहते, फ्लॅशमध्ये जात नाही. मग ‘कार्गो साइझ’ चालवा. टेक्स्ट आणि डेटाची बेरीज म्हणजे फ्लॅश. डेटा आणि बीएसएसची (शून्यापासून सुरू होणाऱ्या व्हेरिएबल्सच्या जागेची) बेरीज म्हणजे कायमची गुंतलेली रॅम. उरलेली रॅम स्टॅकची, आणि स्टॅक वरून खाली वाढत बीएसएसवर चढला तर कुणीही आवाज करत नाही. व्हेरिएबल्स आपोआप बदलल्यासारखी वाटतात. फ्लिप-लिंक हे लिंकरचं वेष्टण स्टॅकला रॅमच्या तळाशी नेऊन ठेवतं, त्यामुळे तो ओसंडला की रॅमच्या बाहेर पडतो आणि त्याच क्षणी फॉल्ट येतो. कॉन्फिग डॉट टॉमल मध्ये लिंकर म्हणून त्याचं नाव लिहायची एक ओळ, एवढंच काम.